एका नावाची हजेरी

परवा एक तरुण मुलगा घरी आला. पायात बूट, खिशाला पेन, काखेत छापील कागदांचा गठ्ठा. आमच्याच आडनावाचा. या आडनावाच्या मंडळींनी पुण्यात एक सभा काढली आहे म्हणे, आणि आडनावात होऊन गेलेल्या थोर माणसांचं पुस्तक ती सभा छापणार आहे. मी जुना मास्तर, मला सगळं ठाऊक असणार, असं म्हणत त्याने एक कागद माझ्या पुढ्यात ठेवला. वर ठळक अक्षरांत 'आपल्या आडनावातील थोर व्यक्ती' आणि खाली रकाने आखलेले. नाव, गाव, कर्तबगारी. शेवटचा रकाना होता 'आपले त्यांच्याशी नाते'.

तो शेवटचा रकाना वाचला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागद कोराच्या कोरा मी त्याच्या हातात परत दिला आणि चहासुद्धा न विचारता त्याला वाटेला लावलं. आमच्या डोंगरात पावण्याला असं कोणी वागवत नाही. सून म्हणाली, वय झालं की माणूस चिडका होतो. वयाचा काही संबंध नाही. मी या गोष्टीवर चाळीस वर्षं चिडलेलाच आहे, फक्त कोणी विचारलं नव्हतं.

का चिडलो ते लिहून ठेवतो. पण या लिहिण्यात एकही नाव येणार नाही. आडनाव नाही, गावाचं नाव नाही, माझंही नाही. नावं लिहून दिली की पुढे काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, आणि ती लिहिणारा हात माझाच होता.

आमचं गाव आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर. आता घोडेगावहून बस येते. तेव्हा घोडेगावचा बाजार गाठायचा तर कोंबडा आरवायच्या आत निघावं लागे. भात, नाचणी, वरई एवढंच पीक, आणि उन्हाळ्यात जंगलातला हिरडा गोळा करून विकायचा. अशा गावात आडनावाचं रोज काय काम? अमक्याचा लेक, तमक्या आळीचा, एवढ्यावर माणूस ओळखला जाई. आडनाव बाहेर निघे ते लग्नाच्या वेळी.

आमच्याकडे सुपारी फोडण्याआधी दोन्हीकडचा एकेक जाणता माणूस उठतो आणि आपल्या आडनावात कोण कोण मोठं होऊन गेलं ते सगळ्या मंडळींसमोर सांगतो. याला थोरवी सांगणं म्हणतात. ज्याची थोरवी रंगेल त्याला पानाचा पहिला विडा. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणत असू, पंचक्रोशीत थोरवी सांगायला नावाजलेले होते. दुसऱ्या गावची, पण आमच्या आडनावाची मंडळी बाला मुद्दाम न्यायला येत. बा पटका बांधी, छाती काढून उभा राही, आणि आवाज असा लावी की मांडवाबाहेरचे बैलसुद्धा कान टवकारीत.

बाच्या थोरवीत चार माणसं होती. एक नाईक, ज्याने जुन्या काळी गडाची वाट राखली. एक भगत, जो साप चावलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर बसे आणि कुणाकडून दाणाही घेत नसे. एक बाई, जिने दुष्काळात गुरांच्या मागे हिंडून कड्यातला झरा शोधून काढला. त्या झऱ्याचं पाणी आम्ही अजून पितो. आणि चौथा, ज्याच्यासाठी मंडळी कान देऊन बसत, तो आमच्या आज्याच्या वेळचा बंडवाला. सरकारच्या शिपायांना त्याने दोन पावसाळे डोंगरात नाचवलं आणि शेवटी कुठल्याशा तुरुंगात मेला.

आता खरं सांगायचं तर हा बंडवाला आमचा कोणीच नव्हता. जुन्नरकडच्या दुसऱ्या खोऱ्यातला माणूस. त्याचं देवक वेगळं, कुळाचा देव वेगळा. आमच्या गावात त्याने कधी पाऊलही टाकलं नसेल. पण थोरवीत नातं कोणी तपासत नाही. आडनाव एक म्हणजे आपला, असा साधा हिशेब. समोरचाही तेच करीत असे, त्यामुळे कोणी कोणाला अडवत नसे.

त्या वर्षी मी बावीस वर्षांचा होतो. मराठी सातवी पास होऊन गावच्याच शाळेत मास्तर झालो होतो. शाळा म्हणजे देवळाची पडवी. आमच्या आडनावात मास्तर झालेला मी पहिला, आणि याचा गर्व मला माझ्या टोपीपेक्षा मोठा होता.

माघात खालून, घोडेगावच्या बाजूने, एक कारकून आला. कुठल्या कचेरीचा ते आम्ही विचारलं नाही. पावणा जेवल्याशिवाय त्याला काम विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. जेवल्यावर त्याने आपणहूनच सांगितलं. सरकार एक बुक तयार करतंय, कुठल्या आडनावात कोण नामांकित माणसं झाली त्याचं. तुमच्याही आडनावात कोणी झाली असतील ना? आईने नव्या तांदळाचा भात आणि कुळथाचं पिठलं वाढलं होतं. पोट भरलेला, हसरा, अदबीने बोलणारा माणूस. अशा माणसाने थोरवी विचारल्यावर बा बसून राहणं शक्यच नव्हतं. बा उठला, पटका बांधला आणि घरातल्या घरात लग्नात सांगावी तशी थोरवी सांगायला लागला.

आणि मी काय केलं? मी आत जाऊन जुन्नरचा कागद काढून आणला. हिरडा विकायला जुन्नरला गेलो असताना तिथल्या एका कागदी, म्हणजे कागद बनवणाऱ्या, मुसलमानाकडून मी तो घेतला होता. हाताने केलेला, दगडाने घोटून गुळगुळीत केलेला. कशाला हवा म्हणून त्याने विचारलं होतं. टिकायला हवं असं काहीतरी लिहीन कधी, असं मी म्हणालो होतो, तर त्याने गठ्ठ्याच्या तळातले जाड ताव काढून दिले आणि म्हणाला, तुमच्या नातवंडांनाही हे वाचता येतील. तेच ताव मी त्या दिवशी काढले. बोरू तासला आणि बा बोलेल तसं लिहीत गेलो.

नाईक लिहिला, भगत लिहिला, झऱ्याची बाई लिहिली. कारकून तोवर सुपारी कातरत होता. बंडवाला आला तेव्हा त्याने अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, याचं तुमच्याशी नातं काय?

"आमचाच की," बा म्हणाला.

म्हणजे भाऊबंद का, असं कारकुनाने विचारलं. बा म्हणाला, भाऊबंदच. आणि मी, मास्तर, त्या बंडवाल्याच्या नावापुढे 'भाऊबंद' असं ठळक लिहून खाली रेघ ओढली. बाला अजून एक नाव सांगायचं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आन् पाचवा ह्यो माझा ल्योक. मास्तर झालेला आमच्यातला पयला." मी लाजलो आणि ते काही लिहिलं नाही. कारकुनाने माझ्या अक्षराची तारीफ केली, कागद घडी करून दप्तरात ठेवला आणि गेला.

भादव्यात हुकूम आला. गावच्या पोलीस पाटलाला सहीपुरतंही लिहिता येत नसे, म्हणून हुकूम वाचायला त्याने मलाच बोलावलं. चावडीसमोर सगळे जमले आणि मी वाचत गेलो. या गावातल्या अमुक आडनावाच्या सर्व प्रौढ पुरुषांनी रोज दिवस मावळताना चावडीत हजेरी द्यायची, रात्री गावातच झोपायचं, चिठ्ठीशिवाय गावाबाहेर जायचं नाही. कारण, त्यांचं एका बंडखोराशी भाऊबंदकीचं नातं असल्याचं त्यांनी स्वतःच लिहून दिलं आहे. खाली दोन ओळी आणखी होत्या. मास्तर सरकारी नोकर असल्यामुळे त्यांना हजेरीची माफी. आणि पाटलाला अक्षरओळख नसल्यामुळे हजेरी मास्तरांनी पुकारावी.

पाहुणा म्हणून घरात शिरायचं, आमच्या ताटात जेवायचं, आमचं मोठेपण गोड बोलून काढून घ्यायचं आणि त्याचीच दोरी करून आमच्या गळ्यात घालायची! चोर परवडला. चोर निदान जेवून तर जात नाही.

हजेरी म्हणजे रोज दोन मिनिटं चावडीत उभं राहणं, असं ज्याला वाटेल त्याने आमची खाचरं पाहिलेली नाहीत. भाताची खाचरं गावापासून चांगली वर, कड्याखाली. भादव्या-अश्विनात दाणा भरायला लागला की रानडुकरं उतरतात. तेव्हा प्रत्येक घरचा पुरुष रात्री खाचराच्या कडेला उभारलेल्या माळ्यावर झोपतो, डबे वाजवतो, हाळ्या देतो, तेव्हा कुठे सहा महिन्यांचं खाणं घरात येतं. आता पुरुषांना रात्री गाव सोडायची बंदी. मग बाया माळ्यावर जाऊ लागल्या. माझी आई, पन्नाशीला आलेली बाई, डबा आणि दांडकं घेऊन रोज वर जायची. डुकरांना बाईचा आवाज आणि पुरुषाचा आवाज कळतो की काय कोण जाणे, पण त्या वर्षी आमचं अर्धं भात त्यांनी लोळवलं. आई बाला तोंडावर म्हणाली, "तुमच्या थोरवीपायी डुकरं जेवत्यात."

आणि मी रोज संध्याकाळी चावडीच्या पायरीवर उभा राहून नावं पुकारू लागलो. सव्वीस नावं. त्यात चुलते, चुलतभाऊ, लहानपणी ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रेला गेलो ते म्हातारे. पहिलं नाव माझ्या बापाचं. आमच्यात बापाचं नाव तोंडाने घेत नाहीत. पहिल्या दिवशी माझी जीभ उचलेना. बा समोर उभा होता, पटका बांधून. तो म्हणाला, "मोठ्यानं घे मास्तर. साळंत पोरांची घेतोस तशी." मग मी घेतलं. बा म्हणाला, "हाजीर." आवाज तोच, लग्नातला.

मी नोकरी सोडायला हवी होती. हे मी आज बसून लिहितो आहे, तेव्हा लिहिलं नाही. तेव्हा मला वाटलं, मी गेलो तर दुसरा कोणी खालचा येईल आणि अरेतुरे करून पुकारील. हे खरं होतं. पण मास्तरकी सुटेल ही भीतीही तेवढीच खरी होती, आणि आतून कोणती जास्त खरी होती ते मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी एक वरचा अंमलदार फिरतीवर आला. माणूस समजुतीचा वाटला. मी धीर करून सांगितलं की साहेब, तो बंडवाला आमचा कोणीच नाही, नुसतं आडनाव एक. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, ज्याचं ज्याचं नातं नाही त्याने तसं लिहून द्यावं, त्याचं नाव कमी करू. मला आकाश ठेंगणं झालं. घरी जाऊन उरलेला जुन्नरचा कागद काढला आणि अर्ज लिहायला बसलो. 'सदरहू बंडखोर आमचा भाऊबंद नाही, आमचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, पूर्वी सांगितले ते चुकीने.' त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

एकेक करून माणसं आली आणि अंगठे देऊन गेली. कोणी दुसऱ्या दिवशी, कोणी महिना विचार करून. जसजसे अर्ज वर गेले तसतशी नावं कमी होत गेली. त्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांचं भात जात होतं. पण परवा आलेला मुलगा हा त्यांतल्या पहिल्या अंगठ्याचा नातू. कागद कसा भरायचा ते मला कळावं म्हणून त्याने स्वतःच्या घरचा भरलेला कागद दाखवला. पहिलं नाव त्या बंडवाल्याचं. पुस्तकात त्याचं चित्र पहिल्या पानावर येणार, हार घालून. आणि नात्याच्या रकान्यात या पठ्ठ्याने लिहिलंय, 'भाऊबंद'. ज्याच्या आज्याने 'काडीचा संबंध नाही' म्हणून माझ्याकडून लिहून घेतलं, त्याला आता सरकार बदलल्यावर नातं सापडलं! ते पुस्तक निघेल तेव्हा ते तसंच निघेल. माझ्याकडून त्याला शाई मिळणार नाही.

सव्वीसांतली पंचवीस नावं गेली. राहिलं एक. बाने अंगठा दिला नाही.

मी त्याच्यापुढे अर्ज घेऊन किती वेळा बसलो त्याला सुमार नाही. समजावलं, रागावलो, आईला बोलायला लावून पाहिलं. मी म्हणालो, बा, यात खोटं काही नाही, तो खरंच आपला नाही. बाला ते माझ्याइतकंच ठाऊक होतं. एकदा मी फार टोचून बोललो तेव्हा त्याने शाईची वाटी बाजूला सारली.

"त्याच्या नावावर पंधरा लग्नांत मी पयला विडा खाल्ला," तो म्हणाला. "बाकीचं म्हनत्यात चुकून सांगितलं. मी चुकून न्हाई सांगितलं. समद्या मंडळींसमोर सांगितलं. आता डुकरं राखाया जायचं म्हनून मेल्या मान्साला तू माझा न्हाई म्हनू? तो काय उठून भांडाया येनार हाय?"

याला मी तेव्हा हट्ट म्हणालो. आजही पूर्ण वेगळं काही म्हणत नाही. या हट्टापायी माझी आई आणखी दोन सुगी माळ्यावर झोपली आणि तिच्या छातीत कफ धरला तो धरलाच. मला त्याचा राग यायचा, अजून येतो. पण तो अंगठा त्याने दिला असता तर मला बरं वाटलं असतं असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

अशी आमच्या गावात एका नावाची हजेरी सुरू झाली. कोणाला सांगितलं तर हसेल. दिवस मावळायला आला की पाटील वही घेऊन बसे. मी पायरीवर उभा राही. समोर तीन हातांवर बा, एकटा, पटका बांधून. शेजारून बाया पाणी घेऊन जात आणि मान खाली घालत. तीन हातांवरच्या माणसाला मी पूर्ण नाव, बापाचं नाव आणि आडनाव घेऊन हाक मारायची, आणि त्याने गाव गोळा झाल्यासारखं 'हाजीर' म्हणायचं. पाटील वहीत अंगठ्याएवढी फुली मारी. मग आम्ही बापलेक एकाच वाटेने एकाच घरी जात असू. एवढं मोठं सरकार, आणि त्याला रोज संध्याकाळी एक म्हातारा घरात आहे की नाही हे कळल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

चौथ्या पावसाळ्यात बा तापाने पडला. भाताच्या रोपांची आवणी नुकतीच झाली होती, चिखलात उभं राहून गारठा अंगात भरला असावा. तापातही तो घोंगडी पांघरून चावडीत आला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळीच गेला.

सुतकाचे दिवस पाटलाने कसे निभावले ते त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. बारावं झाल्यावर तो दारात येऊन उभा राहिला. वाईट माणूस नव्हता. चुळबूळ करत म्हणाला की मयताची खबर वर पाठवली आहे, पण नाव कमी केल्याचा हुकूम येईपर्यंत पुकारावं लागेल, नाहीतर माझ्यावर येईल. पुकारायचं आणि 'गैरहजर' लिहायचं. सलग गैरहजर लागला की शिपाई घरझडतीला येतात, तेवढं सांभाळून घ्या.

मी गेलो. दिवस मावळत होता. पायरीवर उभा राहिलो. समोर तीन हातांवर बाच्या उभं राहण्याने गवत गेलेली एक जागा होती, तीन वर्षांत तेवढी जागा उघडी पडली होती. मी नाव पुकारलं. शाळेत घेतो तसं, मोठ्याने. कोणी ओ दिली नाही. पाटील वही माझ्यापुढे धरून म्हणाला, लिहा मास्तर, गैरहजर.

माझा हात चालेना. या हाताने मी बंडवाल्याचं नाव लिहिलं होतं, भाऊबंद लिहिलं होतं, पंचवीस अर्ज लिहिले होते. पण तीन वर्षं एक दिवसही न चुकलेल्या माणसापुढे गैरहजर लिहायचं म्हणजे सरकारला जे कधी जमलं नाही ते मी करून द्यायचं. मी पायरीवरून खाली उतरलो आणि त्या उघड्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

"हाजीर," मी म्हणालो.

पाटलाने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि फुली मारली. नाव कमी केल्याचा हुकूम येईपर्यंत त्या वर्षीचं भात कापून झालं. तोवर रोज दिवस मावळताना मी पायरीवर चढून माझ्या बापाचं नाव पुकारीत असे, आणि खाली उतरून हाजीर म्हणत असे.